मुलांना पुनरुत्थान कसं सांगावं: वसईच्या एका धर्मशिक्षण-टीचरची टिपणं

धर्मशिक्षणाच्या वर्गावर नव्याने आलेल्या मुली पवित्र सप्ताह (येशूच्या पुनरुत्थानाचा सण ईस्टर, त्याच्या आधीचा आठवडा) जवळ आला की विचारतात, "टीचर, नाताळचं सांगता येतं, गुड फ्रायडेचंही सांगता येतं. ईस्टरला नेमकं सांगायचं काय?" प्रश्न रास्त आहे. नाताळला बाळ आहे, गोठा आहे, मेंढपाळ आहेत. शुक्रवारी क्रूस आहे. ईस्टरला दाखवायला काय? एक रिकामी कबर. प्रभू उठला तो क्षण कुणी पाहिला नाही, आणि चारही शुभवर्तमानांत (बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांत) त्या क्षणाचं वर्णन नाही. मग आपण गडबडतो आणि "वाइटावर चांगल्याचा विजय", "अंधारानंतर उजेड" असलं काहीतरी सांगून मोकळे होतो. असला बोध कुठल्याही गोष्टीच्या शेवटी चिकटवता येतो, म्हणून मुलं तो ऐकत नाहीत. त्यांना काय झालं ते सांगा. कोण गेलं, काय दिसलं, कोण घाबरलं, कुणाचा विश्वास बसला नाही, हे सांगितलं की अर्धं काम झालं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. रविवारी मिस्सानंतर (देवळातल्या उपासनेनंतर) वर्ग घेते. वर्गात वाडीतली मुलं असतात, कोळीवाड्यातली असतात, आणि आता बिल्डिंगींतलीही असतात. खालचं सगळं तिसरी ते दहावीच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. आईबापांनी घरी सांगायलाही चालेल.

पहिलं म्हणजे ईस्टरच्या रविवारी शिकवायला बसू नका. रात्रीच्या जागरणाने मुलं पेंगत असतात आणि घरी फुगे (आमच्याकडचे सणाचे मैद्याचे गोळे) तळायला घेतलेले असतात. सुरुवात झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आदल्या रविवारच्या) आधीच्या वर्गात करा, आणि त्या दिवशी फक्त दफनापर्यंत या.

याच वर्गात तारखेचा प्रश्न हमखास येतो. नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरला, मग ईस्टर का सरकतो? आपल्या मुलांना हे समजावणं अगदी सोपं आहे, कारण सण चंद्रावर चालतात हे त्यांना घरातल्या कॅलेंडरवरून माहीत असतं. २१ मार्च किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची, तिच्यानंतरचा पहिला रविवार तो ईस्टर. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मध्ये कुठेही पडतो. ईस्टर रविवारीच आणि सगळ्यांनी एकाच दिवशी पाळायचा, हे इ. स. ३२५ च्या नायसियाच्या धर्मपरिषदेत ठरलं. २०२४ साली झावळ्यांचा रविवार आणि होळी एकाच दिवशी आली. २०२६ साली पवित्र गुरुवार आणि हनुमान जयंती एकाच दिवशी, २ एप्रिलला, आणि ईस्टर ५ तारखेला. कोळ्याच्या मुलाला तर एवढंच सांगा की पवित्र सप्ताहात पौर्णिमेचं उधाण असतं. बाकीचं तो स्वतः जुळवतो.

आता दफन. इथे घाई करू नका. शुक्रवारी दुपारी मेला, रविवारी उठला, असं एका दमात सांगितलं की मुलांना वाटतं तो मेलाच नव्हता, नुसता निजला होता. मेला म्हणजे मेला, हे नीट कळू द्या. अरिमथाईचा योसेफ रोमन सुभेदार पिलाताकडे जाऊन शव मागतो. निकदेम गंधरस आणि अगरू घेऊन येतो. योहानाने वजनसुद्धा दिलं आहे, आजच्या हिशेबाने तीसेक किलो. तागाच्या कापडात गुंडाळतात. खडकात कोरलेल्या नव्या कबरेत ठेवतात आणि तोंडावर धोंड लावतात. आपल्या सिमेटरीत जमीन खणतात, त्यामुळे "धोंड सरकवली" म्हणजे काय ते मुलांना दिसत नाही. कान्हेरीच्या सहलीला गेलेल्या मुलांना मात्र खडकात कोरलेली खोली समजावून सांगावी लागत नाही, त्यांनाच फळ्यावर चित्र काढायला लावा. मग शब्बाथ, यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, लागतो, सगळे घरी जातात, आणि वर्ग संपवा. "पुढे काय झालं ते आम्हाला माहितीये," असं कुणीतरी ओरडतंच. ओरडू द्या.

शनिवार हा माझा आवडता दिवस आहे, आणि आपण तो साफसफाईत आणि चिकन-मटणाच्या रांगेत घालवतो. शनिवारी सकाळी मुलांना देवळात न्या. गुरुवारी रात्रीच वेदीवरची कापडं काढून ठेवलेली असतात. पवित्र भाकर ठेवायची पेटी रिकामी असते, दार उघडं. गुरुवारच्या मिस्सातल्या ग्लोरियापासून (स्तुतिगीतापासून) घंटा गप्प असते, तिच्या जागी लाकूड वाजवतात. दिवसभर मिस्सा नाही. मुलांना पेटीच्या आत डोकावू द्या, त्यांना हे फार आवडतं. तिथून सिमेटरीत जा. ज्या मुलाचे आजोबा किंवा आजी तिथे आहेत त्याने कबरेवरचा पाला काढावा, नाव वाचावं. आपल्याकडे २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, हे करतातच, शनिवारी करण्याची सोय मी माझ्या वर्गापुरती लावली आहे. प्रवचन देऊ नका. बारक्या मुलांना कडेवर घ्या, ऊन होतं.

ईस्टरनंतरच्या वर्गात मी मुलांचे चार गट करते आणि प्रत्येक गटाला एक शुभवर्तमान देते. काम एवढंच: कबरेवर कोण गेलं आणि त्यांना काय दिसलं ते लिहा. मत्तयवाला गट लिहितो, मग्दालिया मरिया आणि दुसरी मरिया, एक देवदूत. मार्कवाला लिहितो, तीन बायका, त्यांत एक सलोमे, आणि आत बसलेला एक तरुण. लूकवाल्यांना योहान्ना भेटते, आणि दोन पुरुष. योहानाच्या गटाला एकटी मग्दालिया मरिया आणि दोन देवदूत. मग वर्गात भांडण लागतं की खरं कोणाचं? भांडू द्या, ही गोष्ट झाकू नका. मी पस्तिशी-चाळिशीतल्या आईबापांना हे पहिल्यांदा कळताना पाहिलं आहे, आणि त्यांना धक्का बसतो, कारण लहानपणी कुणी त्यांना चारही एकाशेजारी एक ठेवून वाचायला दिलेली नसतात.

मग फळ्यावर चौघांचं सारखं काय ते लिहून काढा. आठवड्याचा पहिला दिवस, पहाट. जाणारी बाई. बाजूला केलेली धोंड. आत शव नाही. एवढ्यावर चौघांचं एकमत आहे. बारीकसारीक तपशीलही चौघांचा तंतोतंत जुळला असता तर मला संशय आला असता, आयुष्यभर पेपर तपासलेत.

आणखी एक गोष्ट मुलींना आवर्जून दाखवा. ही बातमी पहिल्यांदा मिळाली ती बायकांना, आणि त्या काळी बाईच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं. लूक लिहितो की प्रेषितांना बायकांचं बोलणं वायफळ वाटलं. कुणी गोष्ट रचायला बसला असता तर पहिला साक्षीदार म्हणून कुणी वजनदार पुरुष उभा केला असता. मार्कच्या सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीत तर त्या बायका भीतीने थरथरत पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत. मुलांनी आलेलूयाच्या जयघोषाआधी ही भीतीही वाचावी.

योहानाच्या गटाला मरिया आणि माळ्याचा प्रसंग मोठ्याने वाचायला लावा. ती रडतेय, मागे वळते, समोर येशू उभा आहे, आणि तिला तो माळी वाटतो. वाडीतल्या मुलांना यात काही नवल वाटत नाही. पहाटे बागेत शिंपायला आलेल्या माणसाशिवाय दुसरं कोण असणार? तो तिला नावाने हाक मारतो, "मरिये", आणि तेव्हा तिला कळतं. इथे वाचणाऱ्या मुलीला थांबायला सांगा. घाईघाईत पुढची ओळ वाचली की हाक हरवते.

आता किनाऱ्याचा प्रसंग, योहानाचा एकविसावा अध्याय. माझं म्हणणं असं की कोकणच्या किनाऱ्यावर ईस्टर सांगायचा तर हाच अध्याय धरावा, आणि त्याला एक अख्खा वर्ग द्यावा. येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, मी मासे धरायला जातो. बाकीचे म्हणतात, आम्हीही येतो. एकंदर सात जण. रात्रभर जाळं टाकतात, काही नाही. उजाडताना किनाऱ्यावर एक माणूस उभा दिसतो आणि विचारतो, पोरांनो, काही मिळालं का?

इथे कोळीवाड्यातल्या मुलांना बोलू द्या. रिकाम्या हाताने परत येताना किनाऱ्यावरून कुणी असं विचारलं तर बाबा काय उत्तर देतात? एका मुलाने दिलेलं उत्तर इथे लिहिता येणार नाही. शिष्य तुटकपणे "नाही" म्हणतात, तेही समजण्यासारखं आहे. मग तो सांगतो, उजवीकडे टाका. जाळं ओढवेना. योहान म्हणतो, प्रभू आहे. पेत्र उघडा असतो, तो अंगरखा चढवतो आणि पाण्यात उडी मारतो. कपडे घालून पाण्यात! सगळा वर्ग हसतो, आणि हसायलाच हवं. किनारा काही लांब नसतो, शंभरेक मीटर. बाकीचे जाळं ओढत होडीतून येतात.

किनाऱ्यावर काय असतं? निखारे. त्यावर मासा, आणि भाकर. जो शुक्रवारी मेला तो चूल पेटवून मासा भाजतोय. आणि म्हणतो, तुमच्यातलेही थोडे आणा, या, न्याहारी करा. मुलं विचारतात, मासा कुठला होता? गालीलचा समुद्र हे खरं तर गोड्या पाण्याचं सरोवर, २१ किलोमीटर लांब, १३ रुंद. तिथे बोंबील-पापलेट नाही. आपण ज्याला चिलापी म्हणतो त्या जातीचा मासा तिथे मिळतो आणि त्याला आजही पेत्राचं नाव लावून विकतात. त्या दिवशी तोच होता असं योहान म्हणत नाही, पण मुलांना चव कळली की पुरे.

जाळ्यात १५३ मासे होते. या आकड्याचे अर्थ विद्वानांनी शेकडो वर्षं लावले आहेत. माझ्या वर्गातल्या एका पोराने मात्र विचारही न करता सांगितलं, "टीचर, वाटे पाडायचे तर मोजायला नकोत?" मला हे कुठल्याही विद्वानाच्या भाष्यापेक्षा पटतं. सात जणांत वाटे पडणार होते, म्हणून कुणीतरी मोजले आणि आकडा लक्षात राहिला.

मोठ्या मुलांना निखाऱ्यांचं आणखी एक दाखवा. योहानाच्या शुभवर्तमानात निखाऱ्यांची शेकोटी दोनदाच येते. पहिल्यांदा अठराव्या अध्यायात, प्रमुख याजकाच्या वाड्यात, जिथे पेत्र शेकत उभा असतो आणि येशूला तीनदा नाकारतो. दुसऱ्यांदा इथे, आणि न्याहारी झाल्यावर येशू त्याला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? त्या रात्रीचा उल्लेखही करत नाही. क्षमा म्हणजे काय हे वेगळं शिकवायची गरज उरत नाही.

यातूनच सगळ्यात अवघड प्रश्नाचं उत्तर निघतं, की उठला म्हणजे काय? तो भूत नव्हता. भूत मासा भाजत नाही, आणि लूक सांगतो की त्याने शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला. येशूने मेलेल्यातून उठवलेल्या लाजरसासारखं पुन्हा जगणंही नव्हे. लाजरस उठला आणि पुढे कधीतरी मेला, येशू पुन्हा मरत नाही. शेजारच्या घरातला मित्र विचारतो, म्हणजे पुनर्जन्मच ना? तर नाही. पुनर्जन्मात देह नवा असतो आणि आधीचं आठवत नाही. इथे तोच देह, तोच माणूस, हातापायांवरचे आणि कुशीतले घावसुद्धा तसेच. घाव का राहिले, हे मुलांना विचारून पहा. मोठ्यांपेक्षा बरी उत्तरं येतात. एका मुलीने सांगितलं, नाहीतर घाव पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणाऱ्या थोमाला कसं पटलं असतं.

आणि तरीही देह आधीसारखाच नव्हता. बंद दारातून येतो, ओळखीच्या माणसांना ओळखू येत नाही. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, पंधराव्या अध्यायात, यासाठी बियाण्याचा दाखला दिला आहे: पेरतो तो दाणा, उगवतं ते रोप. ज्यांच्या घरी अजून भात लावतात त्यांना राबातला दाणा आणि हातभर रोप दोन्ही ठाऊक असतात. दाखला एकदाच द्या. फार ताणला तर एखादा हुशार मुलगा म्हणतो, टीचर, बी मेलेलं नसतंच, मेलेलं बी उगवत नाही, आणि त्याचं बरोबर असतं.

दहावीचा मुलगा म्हणेल, हे विज्ञानात बसत नाही. त्याला दटावू नका. प्रयोगशाळेत हे सिद्ध होणार नाही हे मान्य करा आणि इतिहासात काय दिसतं ते पुढे ठेवा. शुक्रवारी पळून गेलेली माणसं थोड्याच आठवड्यांत त्याच यरुशलेमात उघडपणे बोलायला लागली. येशूचा भाऊ याकोब, ज्याच्या घरच्यांचा आधी विश्वास नव्हता. पौल, जो ख्रिस्ती लोकांना पकडत फिरायचा. हे दोघेही त्या बोलणाऱ्यांत सामील झाले. करिंथकरांना ते पहिलं पत्र पौलाने इ. स. ५५ च्या सुमारास लिहिलं, म्हणजे घटनेनंतर पंचवीसेक वर्षांत. त्यात तो म्हणतो की प्रभू एकाच वेळी पाचशेहून अधिक भावांना दिसला आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत. थोडक्यात, जाऊन विचारा. तोच पुढे लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. इतका सगळा पैसा एका घोड्यावर लावलेला माणूस मुलांना आवडतो. इथून पुढची उडी श्रद्धेची आहे. ती ज्याची त्याने मारायची.

तुरिनच्या कफनाचे (येशूचं शव गुंडाळलेलं म्हणून दाखवतात त्या कापडाचे) व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे व्हिडिओ वर्गात लावू नका. १९८८ साली त्या कापडाची कार्बन चाचणी झाली आणि वय १२६० ते १३९० च्या दरम्यानचं निघालं. वाद अजून चालू आहे. मुलांचा विश्वास एका कापडावर टांगून ठेवायची गरज काय?

"मग माझे आजोबा पण उठणार?" हा प्रश्न बहुधा चौथी-पाचवीतलं मूल विचारतं, सगळे निघून गेल्यावर, चपला घालताना. उत्तर "हो" असं द्या. "आपण असं मानतो" वगैरे नंतर. श्रद्धाप्रकटनात आपण दर रविवारी देहाचं पुनरुत्थान म्हणतो, ते याच आजोबांबद्दल असतं. कधी, कसं, हे आपल्याला सांगितलेलं नाही, तेही सांगा. मोठ्या मुलांशी इथे गोन्सालो गार्सियाबद्दल बोलता येतं. कॉलेजला नाव असल्यामुळे नाव सगळ्यांना पाठ, पण वसईचा हा माणूस ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर मारला गेला, हे निम्म्यांना माहीत नसतं. तो का माघारी फिरला नाही, यावर अर्धा तास चर्चा होते.

शेजाऱ्यांशी वाद घालायला मुलांना शिकवू नका. मुस्लिम मित्राच्या घरी ईसा नबींना मान आहे, पण ते क्रुसावर मेले असं ते मानत नाहीत. फरक माहीत असावा, फुग्यांचा डबा द्यावा, पुरे. ईस्टरच्या अंड्यालाही माझा विरोध नाही. पूर्वी उपवासकाळात अंडी वर्ज्य असत, म्हणून सणाला ती आली. बेकरीतलं मार्झिपानचं अंडं खाऊन कुणाची श्रद्धा बुडत नाही.

शनिवारच्या रात्रीच्या जागरणविधीचं थोडं. माझी आजी सांगायची, त्यांच्या वेळी हा विधी शनिवारी सकाळी व्हायचा, लॅटिनमध्ये, दिवसाउजेडी. पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये तो प्रायोगिक म्हणून रात्री आणला आणि १९५५ मध्ये पक्का केला. मराठी नंतर आली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. मुलांना विधीच्या आधी फादरांना विचारून पास्काची (ईस्टरची मोठी) मेणबत्ती जवळून दाखवा. मध्ये क्रूस, वर अल्फा, खाली ओमेगा, चार कोपऱ्यांत चालू सालाचे चार आकडे, आणि क्रुसात खोचलेले धुपाचे पाच दाणे. ते पाच घाव. हात लावू द्या. याच मेणबत्तीवरून वर्षभर स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) मेणबत्त्या पेटतात, आणि अंत्यविधीला हीच शवपेटीजवळ उभी असते. ज्यांनी सिमेटरीत आजोबांचं नाव वाचलंय त्यांना हे पटकन जोडता येतं. बाहेर नवा अग्नी पेटतो तेव्हा मुलांना पुढे उभं करा, मागे उंच माणसांच्या पाठीच दिसतात. मेणबत्तीला कागदी कप लावा. जुन्या करारातली सात वाचनं असतात, सगळी वाचत नसतील तरी निर्गमचं, समुद्र दुभंगण्याचं, वाचलंच जातं. ते आधी घरी सांगून ठेवलं तर मूल तेवढ्यापुरतं तरी जागं राहतं. ग्लोरियाला घंटा वाजतात तेव्हा झोपलेल्याला उठवा.

ईस्टर एका दिवसात संपत नाही, पेन्टेकॉस्टपर्यंत (शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या सणापर्यंत) पन्नास दिवस चालतो. ईस्टरनंतरच्या रविवारी दरवर्षी थोमाचा पाठ असतो. त्यापुढच्या रविवारचा पाठ मात्र वर्षाप्रमाणे बदलतो, कारण वाचनांचं 'अ', 'ब', 'क' असं तीन वर्षांचं चक्र आहे. २०२६ च्या 'अ' वर्षात एम्माउसची वाट (उठलेला येशू वाटेत दोन शिष्यांना भेटतो तो प्रसंग), २०२७ च्या 'ब' वर्षात लूकमधला माशाचा तुकडा, आणि किनाऱ्यावरची न्याहारी फक्त 'क' वर्षात, म्हणजे आता थेट २०२८ ला. त्यामुळे तो अध्याय रविवारच्या मिस्सावर सोपवू नका, वर्गातच घ्या. मे महिन्यात आपले वर्ग बंद असतात आणि पोरं मामाकडे जातात, पेन्टेकॉस्ट २०२६ मध्ये २४ मेला आहे. सुट्टी लागायच्या आधी प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय, एका कागदावर छापून प्रत्येकाच्या दप्तरात टाका, आणि आईला फोन करून सांगा की कागद दप्तरात आहे.